वाचक विचारतात : मशीनवर मुख्यमंत्र्याचं बटण नसतं

मागच्या अंकात एका ओळीत लिहिलं होतं की विधानसभेबद्दल काही अडलं असेल तर कळवा, तर एवढी पत्रं आली की संपादकांनी दोन पानं जास्तीची दिली. मी रिटायर शाळामास्तर, पाच-सहा इलेक्शन ड्युट्या केलेला माणूस, वकील नाही, त्यामुळे उत्तरं बूथवरच्या भाषेत येतील, चालवून घ्या. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि ज्यात नुसत्या शिव्या होत्या ती पत्रं बाजूला ठेवलीत.

मी ज्या युतीला मत दिलं ती जिंकली तरी मुख्यमंत्री भलताच झाला. मग माझं मत गेलं कुठे? (एक वाचक, सातारा)

जिथे जायचं तिथेच गेलं हो, तुमच्या मतदारसंघातल्या एका माणसाच्या नावापुढे. मशीनवर मुख्यमंत्र्याचं बटण नसतं, युतीचं तर नसतंच. प्रचारात पोस्टरवर मोठा फोटो नेत्याचा आणि उमेदवाराचा खाली कोपऱ्यात पासपोर्ट साइझ, त्यामुळे आपल्याला वाटतं आपण वरच्या फोटोला मत देतोय. पण कायद्याच्या लेखी तुम्ही एक आमदार निवडता आणि विषय संपतो. पुढे ते २८८ जण मुंबईत जाऊन काय करतात तो त्यांचा खेळ, १४५ चा आकडा ज्याच्या मागे उभा राहतो त्याला राज्यपाल बोलावतात.

तुमचा रोख २०१९ वर असणार. भाजप १०५ आणि शिवसेना ५६, एकत्र लढले, बेरीज १६१ म्हणजे बहुमतापेक्षा १६ जास्तच, आणि तरी सरकार बनेना, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली, २३ ला सकाळी लोक चहा घेत होते तेवढ्यात राजभवनावर शपथविधी उरकला होता, ते सरकार तीन-चार दिवसांत गेलं आणि २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंनी शपथ घेतली. सगळं त्याच २८८ माणसांत, मधे एकही मत नव्याने पडलं नाही. २०१४ ला भाजपकडे १२२ होते, बहुमत नव्हतंच, तर विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने पास झाला, कोण किती जोरात ओरडलं त्यावर. बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा पण बेकायदा यातलं काही नव्हतं, म्हणून म्हणतो, पुढच्या वेळी तो कोपऱ्यातला पासपोर्ट साइझ फोटो नीट बघून घ्या.

२८८ हा आकडा आला कुठून? लोकसंख्या एवढी वाढली, आमदार का वाढत नाहीत? (कॉलेज विद्यार्थी, लातूर)

पूर्वी वाढायचे. द्विभाषिक मुंबई राज्य होतं तेव्हा सभागृह ३९६ जणांचं, १ मे १९६० ला गुजरात वेगळा झाल्यावर आपल्या वाट्याला २६४ आले. १९६२ ची पहिली निवडणूक २६४ वरच झाली, त्यात एकट्या काँग्रेसचे २१५. १९६७ ला २७० झाले आणि १९७८ पासून २८८. तिथेच काटा अडकलाय कारण आणीबाणीच्या काळात घटनादुरुस्ती करून जागांची एकूण संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवली. हेतू असा की ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांच्या जागा त्यापायी कमी होऊ नयेत. २००१ मध्ये ती मुदत अजून वाढवली, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत.

हद्दी मात्र बदलल्या. २००८ ची फेररचना २००१ च्या लोकसंख्येवर झाली आणि २००९ पासून आपण त्या नकाशावर मत देतोय. कित्येक जुने मतदारसंघ गायब झाले, दोन तालुके एकत्र शिवले गेले, तासगाव-कवठेमहांकाळ किंवा कर्जत-जामखेड अशी जोडनावं ही त्याचीच खूण. नंबर सुरू होतो नंदुरबारच्या अक्कलकुव्यापासून, तो १, आणि संपतो सांगली जिल्ह्यातल्या जतला, तो २८८. एका लोकसभेच्या पोटात बरोबर सहा विधानसभा, ४८ गुणिले ६, करून बघा. मी हे वर्गात पाढ्यासारखं म्हणून घ्यायचो.

२८८ पैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ जमातींसाठी राखीव आहेत. जमातींच्या जागा जिथे आदिवासी वस्ती जास्त तिथेच, नंदुरबार जिल्ह्यातले तर चारही मतदारसंघ राखीव. अजून एक खुर्ची होती जी कोणाच्या लक्षातच नसायची, राज्यपालांनी नेमलेला अँग्लो-इंडियन सदस्य, तो धरून २८९ व्हायचे, ती तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली.

महिलांच्या जागांचंही दोघींनी विचारलंय. २०२३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा ठरल्या, म्हणजे २८८ धरले तर ९६. पण त्याच दुरुस्तीत अट घातली की आधी जनगणना, मग फेररचना, मग आरक्षण. पंगत बसवायची आणि पानं वाढायची नाहीत, तसलाच प्रकार वाटला मला तरी.

माझं नाव पुण्याच्या यादीत आहे. गावाकडे बीड जिल्ह्यात उभं राहता येईल का? खर्च किती? (वय २६, नाव देऊ नका)

येईल की. विधानसभेला उमेदवाराचं नाव राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत असलं की पुरे. वय २५ पूर्ण पाहिजे, तुमचं आहे. २०२४ ला रोहित पाटील तासगाव-कवठेमहांकाळमधून पंचविसाव्या वर्षी आमदार झाले, तुम्ही एक वर्ष लेटच म्हणायचे. राखीव जागा असेल तर त्या प्रवर्गाचा दाखला लागतो. डिपॉझिट १० हजार, अनुसूचित जाती-जमातींना ५ हजार. मान्यताप्राप्त पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने दिलेलं अधिकृत उमेदवारीचं पत्र, असेल तर एक सूचक बास, अपक्षाला दहा, आणि ते दहाच्या दहा त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत, तुमचे पुण्यातले मित्र चालणार नाहीत. इथेच पहिल्यांदा उभे राहणारे छाननीत उडतात.

खर्चाची मर्यादा ४० लाख. म्हणजे एवढे करायचेच असं नाही बरं, यापेक्षा जास्त दाखवता येत नाही असा त्याचा अर्थ आहे, आणि 'दाखवता' हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर डिपॉझिट जप्त. आणि दोनपेक्षा जास्त ठिकाणी उभं राहता येत नाही, तेवढा उत्साह असेल तर.

कमी मतं मिळालेल्या पक्षाला जास्त जागा कशा? घोटाळा वाटतो. (तीन पत्रं, नाशिक आणि परभणी)

घोटाळा नाही, गणित आहे, फक्त ते पोटाला पटत नाही. २०२४ घ्या. अजित पवारांच्या राष्ट्रवादीला राज्यात सुमारे ९ टक्के मतं आणि ४१ जागा, शरद पवारांच्या राष्ट्रवादीला सुमारे ११ टक्के आणि जागा १०. पहिल्यांनी लढवल्या ५९, दुसऱ्यांनी ८६, साहजिकच दुसऱ्यांची टोटल फुगली. पण आपल्याकडे टोटलला किंमत शून्य. प्रत्येक मतदारसंघ म्हणजे स्वतंत्र कुस्ती, तिथे ज्याला सगळ्यात जास्त तो आमदार, मग ५१ टक्के असोत नाहीतर पंचरंगी लढतीत ३०. दुसऱ्या नंबरच्या ८० हजार मतांचं पुढे काहीच होत नाही, ती कुठल्या खात्यात जमा होत नाहीत.

आणि कुस्ती किती जवळची असू शकते बघा, त्याच निवडणुकीत मालेगाव मध्यला एमआयएमचे मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी निवडून आले आणि साकोलीत नाना पटोले २०८ ने. १६२ म्हणजे एका मोठ्या सोसायटीतले, 'आपल्या एकाने काय फरक पडतो' म्हणून सुट्टीला लोणावळ्याला गेलेले लोक. नोटाचंही, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटणाचं, बऱ्याच जणांनी विचारलंय: २०१३ पासून ते आहे, पण नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी विधानसभेला त्याच्या खालोखालचा उमेदवारच निवडून येतो. राग व्यक्त होतो, जागा रिकामी राहत नाही.

संध्याकाळी ५ ला टक्का ५८ आणि फायनल ६६ कसा? रात्रीतून मतं आली कुठून? (पुष्कळ जण)

याच प्रश्नावर सगळ्यात जास्त पत्रं होती. २० नोव्हेंबर २०२४ चे आकडे बरोबर आहेत, ५ वाजता ५८.२२ आणि शेवटी ६६ च्या थोडा वर. यावरून राजकारण खूप झालं, कोर्टकचेऱ्या झाल्या, त्यात मी पडत नाही, मी ज्या खोलीत बसायचो त्या खोलीत काय होतं तेवढं सांगतो.

मी केंद्राध्यक्ष होतो. आदल्या दिवशी साहित्य घ्यायचं, एसटीने नाहीतर जीपने गावात पोचायचं, शाळेच्या बाकांवर झोपायचं, डास. पहाटे साडेपाचला मॉक पोल. कंट्रोल युनिट, बटणांचं बॅलट युनिट आणि मताची चिठ्ठी छापणारं व्हीव्हीपॅट जोडून पक्षांच्या एजंटांसमोर कमीत कमी ५० मतं टाकायची, नोटासकट प्रत्येक बटण दाबायचं, मग रिझल्ट दाखवायचा आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांशी जुळवायचा. त्या चिठ्ठ्यांवर मागे मॉक पोलचा शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, क्लिअर. ट्रेनिंगला 'सीआरसी, सीआरसी' असं घोकून घेतात, क्लोज-रिझल्ट-क्लिअर. माझ्या पहिल्या ड्युटीला मी चिठ्ठ्या, पाकीट, लाख, मेणबत्ती यात इतका गुरफटलो की क्लिअर विसरलो आणि सील लावायला हात घातला. पावणेसात वाजलेले, बाहेर रांग लागलेली. एक नंबरच्या मतदान अधिकारी, शेजारच्या शाळेतल्या बाई, नुसत्या म्हणाल्या, "सर, शून्य दाखवलं का एजंटांना?" घाम फुटला मला. तसंच मतदान सुरू झालं असतं तर मॉकची ५० मतं पोटात राहिली असती, संध्याकाळी हिशोब लागला नसता आणि मोजणीच्या दिवशी आमचं मशीन बाजूला काढून ठेवलं असतं. त्या बाईंना मी अजून दिवाळीला फोन करतो.

आता ५ आणि ६ चं. दिवसभर दर दोन तासांनी आम्ही झोनलला, म्हणजे आमच्या भागातल्या केंद्रांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, आकडा कळवायचो, ९ चा, ११ चा, १ चा. हा कळवलेला आकडा असायचा, रेंज नसेल तर उशिरा जायचा, गर्दीत कधी मागचाच थोडा वाढवून सांगितला जायचा, खोटं कशाला बोलू. वेळ ६ पर्यंत, पण ६ ला जे आवारात रांगेत उभे आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं. तेव्हा केंद्राध्यक्ष सह्या केलेल्या चिठ्ठ्या वाटतो आणि त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरू करून पुढे यायचं असतं, म्हणजे नंतर आलेला मागे घुसू शकत नाही. माझ्याकडे एकदा रांग संपायला आठ वाजून गेले होते, शेतातली कामं आटपून गाव एकदमच आलं. मग क्लोज बटण, मशीनवरचा एकूण आकडा, तो १७-सी फॉर्मवर लिहायचा आणि प्रत्येक एजंटाला त्याची सही केलेली प्रत. माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद तो, ज्याला शंका आहे त्याने टीव्हीवरचा टक्का सोडावा आणि आपल्या एजंटाकडचे १७-सी गोळा करून मोजणीच्या आकड्याला लावून बघावेत. गंमत अशी की किती एजंट ती प्रत न घेताच जेवायला निघून जातात! मी मागे धावून दिलीय.

बाकी आयोगाने हे आकडे त्याच रात्री बूथनिहाय लोकांसमोर टाकले तर निम्मी भांडणं मिटतील असं माझं मत आहे, १७-सी तयार असतोच, लपवण्यासारखं त्यात काय आहे.

आमदार नसलेला माणूस मुख्यमंत्री कसा? आणि ही विधान परिषद नक्की कोणाची? (गृहिणी, डोंबिवली)

सहा महिन्यांची सवलत असते, तेवढ्यात दोन्हीपैकी एका सभागृहात यायचं. उद्धव ठाकरेंची मुदत मे २०२० अखेर संपत होती, त्यात कोरोना, निवडणुका पुढे ढकललेल्या, शेवटी मे मध्येच परिषदेची निवडणूक लागली आणि ते बिनविरोध आले. थोडक्यात वाचलं.

परिषदेत ७८ जण. ३० आमदारांनी निवडलेले, २२ नगरसेवक-झेडपी सदस्य वगैरेंनी, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि १२ राज्यपालांनी नेमलेले. मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश रिटायर, हे सभागृह कधी बरखास्त होत नाही. ते १२ म्हणजे साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यातली माणसं असावीत असं घटनेत आहे, प्रत्यक्षात यादी वाचली की साहित्यिक शोधावा लागतो. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने पाठवलेली १२ नावं राज्यपालांकडे पडून राहिली ती राहिलीच, आणि ऑक्टोबर २०२४ ला आचारसंहिता लागायच्या दिवशीच सात जणांचा शपथविधी झाला.

आमदारांनी निवडायच्या जागांना मतदान गुप्त असतं. राज्यसभेला आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या माणसाला दाखवावी लागते, इथे नाही, म्हणून इथे मतं फुटतात. २० जून २०२२ ला १० जागांना ११ उमेदवार होते, २६ चा कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महाराष्ट्राला कळलं की एकनाथ शिंदे काही आमदार घेऊन सुरतला पोचलेत.

पदवीधरांची मला स्वतःला अद्दल घडलीय. एकदा मतदान केलं म्हणून पुढच्या वेळी डिग्रीचं सर्टिफिकेट मिरवत केंद्रावर गेलो तर यादीत नाव नाही. ही यादी दर वेळी कोरी पाटी असते, प्रत्येक निवडणुकीआधी नव्याने १८ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, शिक्षकांना १९. हे ऑफिसात एकदाही कोणी सांगितलं नव्हतं. आणि तिथे मशीन नाही, मतपत्रिका, पसंतीचे आकडे घालायचे, १, २, ३, तेही केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच. १ लिहिला नाही तर मत बाद. बरोबरची खूण, टिकमार्क, सही, 'आमचं मत तुम्हालाच' असा मजकूर, सगळं बाद, आणि हे पदवीधर करतात.

निवडून येतात एका चिन्हावर आणि जातात दुसरीकडे. पक्षांतरबंदी आहे ना? (एक शेतकरी, अकोला)

आहे, १९८५ पासून. आधी एक तृतीयांश फुटले तरी चालायचं, २००३ ला ती पळवाट बंद केली, आता दोन तृतीयांश आणि तेही दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला हवेत. कागदावर कडक आहे. पण अपात्र ठरवायचं कोणी, तर विधानसभा अध्यक्षांनी, आणि अध्यक्ष स्वतः कुठल्या तरी पक्षाच्या तिकिटावर आलेले असतात. शिवसेना फुटली जून २०२२ मध्ये, सुप्रीम कोर्टाचा निकाल ११ मे २०२३ ला आणि अध्यक्ष राहुल नार्वेकरांचा १० जानेवारी २०२४ ला, त्यात दोन्ही गटांतलं कोणीच अपात्र झालं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुढची निवडणूक होती. वर्गात पेपर तपासायला मी एवढा वेळ लावला असता तर पोरं पुढच्या इयत्तेत गेली असती. तुम्ही विचारलंय की मतदाराला आमदार परत बोलावता येतो का, तर नाही, तशी सोय आपल्याकडे आमदारांसाठी नाही.

सगळ्यांनाच मंत्री का करत नाहीत, भांडणं तरी मिटतील. (कोल्हापूर)

करायचेच पूर्वी. आता सभागृहाच्या १५ टक्के, म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३. डिसेंबर २०२४ ला ४२ भरले, एक खुर्ची मोकळी ठेवली. ती एक मोकळी खुर्ची काय काय कामं करते ते तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला मी सांगायला नको.

विधानसभेत विरोधी पक्षनेता का नाही म्हणतात? (सोलापूर)

एकूण सदस्यांच्या दहा टक्के तरी ताकद पाहिजे असा पायंडा आहे, म्हणजे २९. २०२४ ला विरोधातला सगळ्यात मोठा पक्ष ठाकरेंची शिवसेना, २०. घटनेत ही दहा टक्क्यांची अट कुठेच लिहिलेली नाही, त्यामुळे मान्यता द्यायची की नाही हे शेवटी अध्यक्षांच्या टेबलावर जातं, आणि ते टेबल किती फास्ट चालतं ते अकोल्याच्या उत्तरात आलंच आहे.